मधलं पाणी

ऑक्टोबरचं कौतुक कुणी करत नाही. पावसावर लिहिणारे पैशाला पासरी मिळतात, थंडीचे भाट वेगळे, वैशाखालासुद्धा मोगरा आणि आंबा सांभाळून घेतात. ऑक्टोबर बिचारा अधलामधला. पाऊस गेलेला असतो पण भिंतीतली ओल गेलेली नसते. ऊन कडक असतं पण घाम काही सुकत नाही. आमच्या मुलुंडला तर दुपारी डोंगराच्या अंगाने अशी कोंदट वाफ येते, की आपण कुणाच्या तरी उघड्या तोंडासमोर बसलोय असं वाटतं.

या दिवसांत मी कपाट उघडते आणि गेल्या वर्षीच्या डांबरगोळ्या चाचपते. त्या नसतात. रेशमी साडीच्या घडीत ठेवलेल्या, शालीत गुंडाळलेल्या, कुठेच नसतात. डाग नाही, ओल नाही, चुरा नाही. फक्त वास. माझी मुलगी केतकी नाक धरते. "आई, यार, कसला वास मारतोय घराला. कोण वापरतं आता या गोळ्या?" मी वापरते. तिला काय सांगू? कुणाला पहिल्या पावसाचा वास घरी घेऊन जातो, कुणाला आजीच्या लुगड्याचा. माझ्या वाट्याला डांबराचा आलाय, आणि तो नाकात गेला की मी आठवीत असते.

तेव्हाही आम्ही इथेच, मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी, पण बैठ्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहायचो. आई, बाबा, मी आणि सुमनकाकी. सुमनकाकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. तो धाकटा भाऊ, वसंतकाका, घरात नव्हता. त्याच्या चपला मात्र होत्या, उंबऱ्याच्या आत, उजव्या हाताला, बोटं दाराकडे करून. कुणी नवखा माणूस आला की विचारायचा, या कोणाच्या? काकी स्टोव्हवरून मान न वळवता सांगायची, "ह्यांच्या. वारो खावक गेलेत."

गेला होता तो खरंच वारा खायला. मी तेव्हा रांगत होते, त्यामुळे हे सगळं आईकडून ऐकलेलं. असाच ऑक्टोबर, अशीच दुपार. काकाने घाम पुसायला चष्मा काढला आणि फळीवर ठेवला. चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला, म्हणाला, "जरा वारो खावन येतंय." बनियन, लुंगी, पाय अनवाणी. आई सांगायची, त्याच्या चहातून अजून वाफ निघत होती तेव्हा बाबा कामावरून आले, त्याच बोळातून आले, आणि त्यांना बोळात कुणी भेटलं नाही. बोळाला दुसरं तोंड नव्हतं.

बाबांनी मग काय काय नाही केलं. पोलिस चौकी झाली, हॉस्पिटलं झाली, बेवारशी मढी ठेवतात तिथे जाऊन चादरी वर करून बघून झालं. पवईच्या तळ्याकाठी गळ टाकून बसणाऱ्यांना विचारलं, गावाला देवाला कौल लावला. माणूस बुडाला तर फुगून वर येतो, गाडीखाली गेला तर निदान कपडा सापडतो, पळून गेला तर कुणीतरी कुठेतरी बघितलेला असतो. काकाचं यातलं काहीच झालं नाही. तो होता आणि नव्हता, मध्ये काही नाही.

काकी रडली नाही. पहिल्या दिवशी नाही, वर्षाने नाही, कधीच नाही. चाळीतल्या बायका नळावर म्हणायच्या, दगड आहे बाई. दगडबिगड काही नव्हती. मला गोष्टी सांगायची, आईची नक्कल करायची, भाजीवाल्याची तर हजेरीच घ्यायची. फक्त रडायची नाही.

तिच्या खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक होती. तिची किल्ली मंगळसूत्रात, सेफ्टी पिनला. दसरा झाला की येणाऱ्या रविवारी ती ट्रंक उघडायची आणि काकाच्या कपड्यांना ऊन दाखवायची. दोन बुशशर्ट, पँट, लग्नातला कोट आणि डबीतला चष्मा. अंगणातल्या दोरीवर शर्ट टाकला की डोंगराकडून एखादी झुळूक यायची, शर्टाला छाती यायची, बाह्या किंचित वर व्हायच्या. काकी पुढे होऊन कॉलर सारखी करायची, आणि करून झाली तरी तिचा हात तिथेच राहायचा. मी उंबऱ्यावर बसून बघायचे. मला ती बाई आणि तो शर्ट यांच्यामध्ये जायची कधी हिंमत झाली नाही.

मग ती खिशात हात घालायची. गेल्या वर्षी स्वतःच्या हाताने घातलेल्या डांबरगोळ्या खिशात नसायच्या. ट्रंकेला कुलूप, किल्ली गळ्यात, आणि खिसा रिकामा. "बघ गो," ती मला आतलं अस्तर उलटं करून दाखवायची. "घेवन गेले." तिच्या आवाजात भीती नसायची, नवरा घरी जेवून गेला असं सांगणाऱ्या बाईचं समाधान असायचं. मला भीती वाटायची ती त्या समाधानाची. आणि एक प्रश्नही पडायचा, की माणूस एवढा घरी येतो, तर चहा न पिता, चपला न घालता, नुसत्या डांबराच्या गोळ्या घेऊन कशाला जातो?

गोळ्यांबरोबर ती दोन काळ्या मिऱ्या टाकायची. कापराच्या डबीत मिरी टाकली की कापूर उडत नाही, असं आमच्याकडे सगळ्याच बायका मानतात, मीही टाकते. काकीने तोच इलाज खिशात नेला. गोळ्या तरीही उडायच्या, मिऱ्या मात्र राहायच्या. काकीचा विश्वास त्याने हलला नाही. "मिरी त्यांका तिखट लागता," एवढंच म्हणायची.

त्या वर्षी, मी आठवीत असताना, काकाला जाऊन बारा वर्षं झाली. आणि बाबांनी पालाशविधी करायचं काढलं.

बाबा वाईट नव्हते हो. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही, मिळेल ते काम करत होते, आणि रात्री झोपेत भावाला हाका मारत होते. कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं की घरातला एक जण अधांतरी लटकलाय, इकडे ना तिकडे, म्हणून घराचं काही धड होत नाही. पितृपक्षात सगळ्या पितरांना पाणी दिलं आणि वसंतच्या नावापाशी त्यांचा हात थांबला. द्यावं तर तो जिवंत असेल, न द्यावं तर तहानलेला असेल. "माझा भाऊ आहे तो," ते आईला म्हणाले. "त्याला कुणी पाणी द्यायला नको?" बाबांचे डोळे लाल झाले होते पण कोरडे होते. आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना रडायचं जमतच नव्हतं की काय, देव जाणे.

भटजी आले आणि त्यांनी समजावून सांगितलं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या देठांचा माणूस रचायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि मंत्र म्हणून त्याला अग्नी द्यायचा. तो गेला असं मग शास्त्राने ठरतं, पुढचं सुतक, तेरावं, सगळं रीतसर. काकीच्या कुंकवाचं ते काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. दिवाळीच्या आत उरकायचं ठरलं.

"आणि नंतर आले तर?" आतल्या खोलीतून काकीने विचारलं.

भटजींनी सुपारी कातरणं थांबवलं. "त्याचीही सोय आहे. परत आला तर तो नव्याने जन्मला असं धरायचं. बारशापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे. लग्नसुद्धा, त्याच बायकोशी."

मिशीवाला काका पाळण्यात, या विचाराने मला खुदकन हसू आलं आणि आईने जोरात चिमटा काढला. काकी हसली नाही. तिने नुसतं कपाळाला हात लावून बघितलं, जागच्या जागी आहे ना, तसं.

त्याच आठवड्यात शाळेत सायन्सच्या बाईंनी पदार्थाच्या अवस्था घेतल्या. स्थायू, द्रव, वायू. बर्फाचं पाणी, पाण्याची वाफ, हे सगळं आम्हाला पाठ होतं, अर्धा वर्ग पेंगत होता. मग बाईंनी चिनी मातीच्या बशीत कापराचा चुरा घेतला, वर काचेचं नरसाळं उलटं घातलं, त्याच्या नळीत कापसाचा बोळा लावला आणि खालून मंद आच दिली. "आता पाणी कुठे दिसतंय का बघा," त्या म्हणाल्या. आम्ही बाकांवर चढून बघितलं. कापूर कमी कमी होत गेला. वितळला नाही, ओघळला नाही, बशी कोरडी ठाक. आणि वर, नरसाळ्याच्या आतल्या बाजूला, कुणी फुंकर मारावी तसं पांढरं धुकं धरलं आणि बघता बघता त्याचे चकचकीत कण झाले. "मधली द्रव अवस्था गाळून थेट वर जातो आणि गार काच मिळाली की थेट परत येतो. याला संप्लवन म्हणतात. घरातल्या डांबरगोळीचंही हेच होतं."

वर्ग पंख्याच्या आवाजासकट चालू होता. माझ्या हातावर मात्र काटा आला. एवढी वर्षं आमच्या ट्रंकेत कुणी येत नव्हतं आणि कुणी जात नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मला वाटलं, आता काका खरोखर गेला.

आईला सांगितलं तर तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. "काकीला सांग हे," ती म्हणाली. "तुझंच ऐकेल ती. बेबी, आठ-दहा दिवसांत तिला ते सगळं सोसायचंय. निदान मनातून तरी तयार होऊ दे." आईचं खोटं नव्हतं. तिला जावेचा जीव वाचवायचा होता, आणि त्यासाठी आधी तिची आशा मारावी लागणार होती.

ते दिवस कसे होते सांगू? सगळ्याला पाणी सुटलं होतं. बरणीतलं मीठ ओलं झालं होतं, गुळाच्या ढेपेखाली काळा पाक साचला होता, भिंतीवर हात टेकला तर तळवा भिजायचा. सगळ्या घराला पाझर फुटलेला, आणि त्यात काकी आपली कोरडी, तांदूळ निवडत बसलेली. मी तिच्यासमोर बसून बाईंसारखंच शिकवलं. गोळी, वाफ, मधलं पाणी नाही. कुणी घेऊन जात नाही गं काकी, ती आपली आपणच जाते.

तिने सूप खाली ठेवलं.

"म्हणजे पाणी न होता जाता?"

"हो."

"संपता?"

"संपत नाही. असते इथेच. दिसत नाही."

"आणि मगे? परत?"

मी खरं तेच सांगितलं. "गार जागा मिळाली तर."

काकी उठली. तिने खाटेखालून ट्रंक ओढली, मोरीकडे नेली आणि भिंतीला, जिथे पलीकडे पाण्याचं पिंप होतं तिथे, अगदी चिकटवून ठेवली. नव्या गोळ्या घातल्या, मिऱ्या घातल्या, डबीतला चष्मा काढून शर्टांच्या वर उघडा ठेवला. त्यावर झाकण लावलं आणि झाकणावर ओलं गोणपाट टाकलं. दर दुपारी ती गोणपाटावर तांब्याभर पाणी शिंपडू लागली. आई माझ्याकडे बघत राहिली. मीही आईकडे बघत राहिले.

विधीच्या आदल्या दिवशी बाबांनी पळसाच्या देठांचा भारा आणला. फडक्यात बांधून दाराआड उभा केला, शेजारी नारळ. भारा तसा लहानच होता. पण दाराआडचं ते फडकं मी शाळेला निघेपर्यंत डोळ्यांच्या कोपऱ्यात राहिलं, आणि चहा देताना आईने चुकून एक कप जास्त भरला.

दुपारी शाळेतून आले तर दार लोटलेलं. आई नळावर गेली होती, बाबा भटजींकडे. आत काकी जमिनीवर बसली होती आणि तिच्यासमोर चटईवर पळसाचे देठ रचलेले होते. दोन हात, दोन पाय, मधे छाती. तिला जसं जमेल तसं, पण माप बरोबर. तिने त्यावर काकाचा बुशशर्ट घालून बघितला होता आणि बटणं लावली होती. वरच्या बाजूला नारळ. नारळावर चष्मा.

चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या. धुकं धरल्यासारख्या, आणि त्या धुक्यात बारीक बारीक सुयांची नक्षी. बाहेरचा उजेड पडून ती चमकत होती. कुणीतरी तो चष्मा घालून, तोंडाजवळ हात धरून, आत श्वास सोडलाय असं दिसत होतं. ट्रंक, गार भिंत, गोळ्यांची वाफ, मला सगळं माहीत होतं. मीच तर शिकवलं होतं. माहीत असून माझे पाय दारातच राहिले, आणि मी त्या पांढऱ्या डोळ्यांकडून नजर काढू शकले नाही.

"काकी," मी म्हटलं, "काय करतेयस?"

"बघतंय," ती शांतपणे म्हणाली. "तेच आसत काय ते." तिने मान वाकडी करून नारळाकडे पाहिलं, बाजारात फणस बघावा तितक्या बारकाईने. मग चष्मा अलगद काढला, काचांना बोट न लावता. "नाय. हे ते नाय."

तेवढ्यात बाबा आणि भटजी आलेच. चटईवरचं बघून बाबा पांढरेफटक पडले. काकी उठून उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला. थोरल्या दिरासमोर ती कधी मान वर करून बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"भावोजी, माणूस जाता तेव्हा पाणी होता. घरच्यांच्या डोळ्यांत. माझ्या डोळ्यांत पाणी झालाच नाय. तुमच्याही नाय. मगे ते गेले असा मी कसा म्हणू? ते आसत. दिसणत नाय इतक्याच." आणि तिने चष्मा पुढे धरला. "ह्या बघा."

बाबांनी बघितलं. त्यांना संप्लवन माहीत नव्हतं. भटजींना माहीत होतं की नाही कुणास ठाऊक, पण तेही एक पाऊल मागे सरले. मी तोंड उघडलं असतं तर सगळं दोन वाक्यांत संपलं असतं. आई दारात घागर घेऊन उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि किंचित मान हलवली. नको. मी गप्प बसले. त्याबद्दल मला आजवर एक दिवसही वाईट वाटलेलं नाही.

विधी झाला नाही. पळसाचे देठ बाबांनी नेऊन कुठेतरी सोडले. नारळ मात्र घरात राहिला, आणि तो फोडायचा कसा, खायचा कसा, हे कुणालाच कळेना. शेवटी काकीनेच फोडला आणि सोलकढी केली. बाबा जेवायला बसले नाहीत. महिनाभर ते तिच्याशी बोलले नाहीत, पण जाता-येता चपलांना पाय लागणार नाही एवढं बघायचे.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी काकी गेली. कावीळ झाली, हटली नाही, एका सकाळी श्वास थांबला. अंगण बायकांनी भरलं, आंघोळ घातली, आणि मग सगळ्या थबकल्या. मळवट भरायचा की नाही? सवाष्ण म्हणून न्यायची की विधवा म्हणून? कुणी विचारेना, कुणी सांगेना. ज्या कुंकवासाठी ती बाई आयुष्यभर एका ट्रंकेपाशी पहारा देत बसली, ते आता चार बायकांच्या कुजबुजीवर येऊन ठेपलं होतं.

बाबा ओट्यावर बसले होते. तिथूनच म्हणाले, "सवाष्ण आहे ती. हिरवी साडी नेसवा. मळवट भरा."

मग ते आत आले, उंबऱ्यापाशी वाकले, भावाच्या चपला उचलल्या आणि छातीशी धरून तिथेच खाली बसले. आणि त्यांना रडू फुटलं. सतरा-अठरा वर्षांचं सगळं एकदम. चपलांचं चामडं भिजलं, सदरा भिजला, आईने पाठीवर हात ठेवला तरी थांबेना. मी ते पाणी बघत उभी होते. काकीचा हिशेब मला पाठ होता. त्या हिशेबाने वसंतकाका त्या सकाळी, त्या क्षणी गेला, आपल्या बायकोच्या मागोमाग, तिला सवाष्ण जाऊ देऊन. बाबा चपला घेऊनच स्मशानात गेले आणि परत आले तेव्हा हात मोकळे होते.

आता त्या चाळीच्या जागी टॉवर उभा आहे आणि आम्ही त्यातच राहतो, बोळाच्या बरोबर वर. ट्रंक गेली, शर्ट गेले. चष्मा माझ्या कपाटात आहे, एका स्टीलच्या डबीत, शालींच्या मागे.

परवा ऑक्टोबरने पुन्हा तोंड उघडलं तेव्हा मी कपाट आवरायला काढलं. वास कमी वाटला म्हणून केतकीला विचारलं, तर म्हणाली, "अगं, त्या गोळ्या मी गेल्या दिवाळीतच फेकून दिल्या. सांगायचं राहिलं." मी डबी उघडली. दोन्ही काचा पांढऱ्या होत्या. सुयांची तीच नक्षी, ताजी, कडेपर्यंत. शालींत वर्षानुवर्षं मुरलेली वाफ असेल, बाईंनी याचंही कारण सांगितलं असतं. मी ते स्वतःला सांगितलं आणि तरी माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे ते राहिलेच.

केतकीने मागून हात घालून काचेवर बोट फिरवलं. "फंगस आहे का हे?" बोटावर पांढरा कण चमकला, आम्ही बघत असतानाच लहान होत गेला आणि नाहीसा झाला. बोट कोरडंच. ती बोटाकडे बघत राहिली. मग तिने त्या पुसलेल्या पट्टीतून डोळा बारीक करून खोलीत पाहिलं.

"कोणाचा आहे गं?"

"माझ्या काकाचा."

"कुठे असतात ते?"

मी तिच्या हातातून चष्मा घेतला, डबीत ठेवला. स्वयंपाकघरातून दोन मिऱ्या आणून त्यात टाकल्या आणि झाकण लावलं.

"वारा खायला गेलेत," मी म्हटलं.